वाळेपर्यंत हात मागे

(नाशिकमध्ये मिनिएचर रंगवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी रंगवलेलं पहिलं मिनिएचर, म्हणजे चिमुकली मूर्ती, वॉरहॅमर या टेबलावरच्या युद्धखेळातलं नव्हतं. ते दिवाळीच्या किल्ल्यावरचं होतं. मातीचा मावळा, रंग उडालेला. आपण त्याला शाळेच्या जलरंगांनी नवा फेटा चढवला आणि रात्रीच्या दवात तो फेटा नाकावर उतरला. आता हातात 28 मिलिमीटरचा प्लास्टिकचा शिपाई आहे, रंग ॲक्रिलिक आहे. खोड मात्र तीच. चूक दिसली की लगेच तिच्यावर ब्रश घेऊन धावायचं.

ॲक्रिलिकमधलं पाणी उडतं आणि आतले बारीक कण एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतो. रंग पूर्ण ओला असेल तर स्वच्छ, दमट ब्रशने तो सहज उचलता येतो. पूर्ण वाळला असेल तर वरून झाकता येतो. अडचण मधल्या दोन-चार मिनिटांची आहे. तेव्हा तो साय धरलेल्या दुधासारखा असतो. चमचा फिरवा, साय गोळा होते. मूर्तीवरही तेच होतं आणि मग आपण म्हणतो, रंगच खराब निघाला.

जाड रंगाचं दुखणं सगळ्यांनाच होतं. चिलखताच्या कडा बुजतात, बोटं एकमेकांना चिकटतात. अंगरख्यासारख्या सपाट भागावर बारीक पॉलिश पेपर ओला करून हलकेच घासा, भागतं. चेहरा बुजला असेल तर मात्र रंग काढलेलाच बरा. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि हे देवघरातल्या समईजवळ करू नका. रेझिनची मूर्ती जास्त वेळ बुडवून ठेवलीत तर मऊ पडू शकते, म्हणून ती थोड्या थोड्या वेळाने बघत राहा. मी सुरुवातीला शहाणपणा करून हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर आणलं होतं. पॉलिस्टायरीन, म्हणजे शिपायाचं प्लास्टिक, त्यात विरघळतं, हे मला वाटीत डोकावल्यावर कळलं. तलवारीचं टोक तेवढं ओळखू येत होतं.

आता आपल्या नाशिकच्या हवेबद्दल, कारण परदेशी व्हिडिओत ती नसते. मे महिन्यात दुपारी गच्चीवर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थराचा, स्प्रे लांबून मारलात, तर थेंब मूर्तीपर्यंत पोचायच्या आतच वाळतात आणि अंगावर रवा सांडल्यासारखा पोत येतो. सकाळी लवकर मारा, वीतभर अंतरावरून, हात सतत फिरता ठेवून. पावसाळ्यात उलटी गत. गोदेला पाणी चढलेलं, भिंतींना ओल, आणि आपण हौसेने मॅट, म्हणजे बिनचमकीचं, वार्निश मारतो. सगळी फौज पांढुरकी, धुक्यात उभी असल्यासारखी. घाबरून खरवडू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने ग्लॉस, म्हणजे चमकदार, वार्निशचा पातळ हात द्या. बहुतेक वेळा रंग पुन्हा उघडतात. मॅट नंतर, कोरड्या दिवशी.

उन्हाळ्यात रंग प्लेटवरच वाळतो, त्याला ओली पॅलेट हवी. जेवणाचा पसरट डबा, तळाशी ओला स्पंज, वर बेकिंगचा कागद. मेण लावलेला कागद घेऊ नका, त्यातून पाणी वर येत नाही. आणि बारीक कामाला तीन शून्याचा ब्रश हवा, हा हट्ट सोडा. त्याच्या टोकावरचा रंग मूर्तीला लागायच्या आत सुकतो. एक नंबरचा, पोट भरलेला आणि टोक शाबूत असलेला ब्रश डोळेसुद्धा रंगवतो.

डोळे! इथे नवशिक्या हमखास रडकुंडीला येतो. गणेशोत्सवाआधी मूर्तिकारांच्या शेडमध्ये आखणी चालते ना, ती एकदा उभं राहून बघा. श्वास आवरलेला, मनगट टेकलेलं, आणि एक ओढ. आपला डोळा मिलिमीटरभरही नसतो, पण बसायची पद्धत तीच. कोपर टेबलावर, दोन्ही तळहातांच्या कडा एकमेकींना टेकलेल्या. आधी गडद तपकिरी खाच, मग मळकट पांढरा. शुभ्र पांढऱ्याने शिपाई दचकलेला दिसतो. मग ठिपका. ठिपका चुकला, तर डोळ्याशी झटापट नको. वाळू द्या, आणि कातडीच्या रंगाने खालची-वरची पापणी पुन्हा ओढून डोळा लहान करा. तिरळेपणा निम्मा तिथेच जातो.

वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, साचून डाग पडला असेल तरी हेच. ओला असेल तर कोरडा ब्रश टेकवून टिपून घ्या; वाळला असेल तर मूळ रंग पातळ करून उंचवट्यांवर दोनदा फिरवा.

बरं, आता पिशव्यांतून बिघडलेले शिपाई बाहेर काढा. थिनरमध्ये पडलेला कुणाचा असेल तर तो मला द्या, माझ्याला जोडीदार होईल.