कपाळावरची आठी

(दृश्य: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं एक आरोग्य केंद्र. ओपीडी नुकतीच सुरू झाली आहे.)

बाकावर बसलेले काका तोंडावर पंचा धरून आहेत. सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं. आरशात बघतात तर तोंड डावीकडे ओढलेलं. घरात एकच गोंधळ. शेजारी म्हणाले, वारा लागला; भाऊ म्हणाला, लकवाच हा; आणि कुणीतरी बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायला गाडीसुद्धा सांगून ठेवली.

डॉक्टर तोंडाकडे नंतर बघतात. "काका, मान न हलवता वर पंख्याकडे बघा. भुवया चढवा." कपाळावर डावीकडे तीन आठ्या उमटतात. उजवीकडे एकही नाही, इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. "आता डोळे गच्च मिटा." डावा मिटतो. उजवी पापणी अर्ध्यावर अडते आणि फटीतून दिसतं की बुबुळ वर सरकलंय, खाली नुसतं पांढरं. काकूंच्या पोटात गोळा येतो. डॉक्टरांचा चेहरा मात्र सैलावतो.

चेहरा जितका बिघडलेला तितका आजार मोठा, असं कुणालाही वाटेल. इथे हिशेब बहुधा उलटा असतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून आज्ञा मिळते. तोंडाच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या भागाकडून. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला, म्हणजे लकवा झाला, तर तोंड वाकडं होतं, पण कपाळाचं काम दुसरी बाजू चालवून नेते. काकांचा बिघाड मेंदूत नाहीच. चेहरा हलवणारी नस (मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सातवी) कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून बाहेर येते. तिथे ती सुजली की आवळली जाते, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू बंद पडते. हा बेल्स पाल्सी. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी 1821 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे नसांवरचं आपलं संशोधन मांडलं. आजाराला नाव त्यांचंच.

मग प्रश्न सुरू होतात. कधीपासून? परवापासून कानामागे ठणकत होतं. काल टीव्हीचा आवाज त्या कानाला खुपत होता. आणि रात्री हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, चवच नव्हती, त्यावरून सुनेला बोल लावून झाले होते. सुनेचा काही दोष नव्हता. जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि कानातल्या एका चिमुकल्या स्नायूची दोरी, दोन्ही याच नसेबरोबर जातात. लकवा असा दोन दिवस चाहूल देत सहसा येत नाही. तो बोलता बोलता, जेवता जेवता गाठतो.

तरीही तपासणी इथे थांबत नाही. हात समोर धरून डोळे मिटायला सांगतात, चालायला लावतात, चार वाक्यं बोलून घेतात. बॅटरी घेऊन कानात डोकावतात. तिथे बारीक फोड असतील तर ती नागीण, आणि तिचं औषध वेगळं जोडावं लागतं. काकांना फोड नाहीत. सूज उतरवणारं स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन, सुरू होतं, कारण ते पहिल्या 72 तासांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं. त्याने साखर वाढते, म्हणून आधी साखर तपासली जाते.

घरी गेल्यावर सगळं लक्ष तोंडाकडे जातं आणि डोळा विसरला जातो. खरं नुकसान तिथे होऊ शकतं. न मिटणारा डोळा कोरडा पडतो, बुबुळावर जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी, एवढं नेमाने करायचं. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत हलायला लागतो. तीन महिने उलटूनही सावरला नाही, तर निदानच पुन्हा तपासून घ्यावं लागतं.

(दृश्य: फोंड्याजवळचं एक घर. खुर्चीत बसलेल्या आजी.)

यांच्याकडे बघून कुणी घाबरणार नाही. दोन्ही भुवया चढतात, दोन्ही डोळे मिटतात. ओठाचा डावा कोपरा किंचित उतरलाय, एवढंच. नातू काहीतरी गंमत करतो आणि आजी चक्क सरळ हसतात. त्या हसण्याला भुलायचं नाही. मनापासून आलेल्या हसण्याची मेंदूतली वाट वेगळी, सांगून दात दाखवण्याची वेगळी. सुनबाई म्हणते, "आई, दात दाखवा बघू." तोंड तिरकं होतं. समोर धरलेला डावा हात हळूहळू खाली येतो. हा लकवा.

कपाळाची खूण चांगली आहे, पण तिच्यावर आंधळा विश्वास टाकणारा डॉक्टर कधी ना कधी फसतो. मेंदूच्या देठात, सातव्या नसेच्या मुळाशीच रक्तपुरवठा तुटला, तर कपाळासकट अर्धा चेहरा पडतो, हुबेहूब काकांसारखा. अशा वेळी एकाचे दोन दिसतात, डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही, विरुद्ध बाजूचे हातपाय जड होतात किंवा चालताना तोल जातो. यातलं एक जरी असेल, तर कपाळ काहीही सांगो, रुग्ण थेट मोठ्या इस्पितळात. हा निवाडा घरी करत बसू नये. तोंड अचानक वाकडं झालं की 108 फिरवायचा.

लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळापर्यंत) पोचायलाच त्यातला बराच वेळ जातो. हे तास घरच्यांच्या लक्षात आल्यापासून मोजत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. झोपेतून उठताना तोंड वाकडं दिसलं, तर रात्री किती वाजता नीट बोलत होते ते सांगायचं. वाटेत पाणी पाजायचं नाही, अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तिचं पाकीट बरोबर घ्यायचं.