पहिलं घड्याळ घरातच शोधा

नमस्कार श्रोतेहो. आज मनगटावरच्या घड्याळांबद्दल बोलूया. मोबाईल आला आणि अर्ध्या लोकांनी घड्याळ काढून कपाटात ठेवलं, उरलेल्यांच्या हातावर पावलं मोजणारं स्मार्टवॉच आलं, तरी हल्ली तरुण मुलंमुली परत चावीच्या घड्याळांकडे वळायला लागलीत आणि भेटली की विचारतात, काका, जमवायची आहेत, पहिलं कुठलं घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. काहीच घेऊ नका. आधी घरी विचारा, कपाटात काय पडलंय.

हे गोव्यात तर जास्तच खरं, कारण आपल्या घरांत घड्याळं तीन बाजूंनी आलीत. एक म्हणजे मुक्तीच्या आधीची. १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने समुद्रमार्गे परदेशी माल भरपूर येऊ दिला आणि त्यात स्विस घड्याळंही आली. दुसरी एचएमटी, आपल्या देशातल्या सरकारी कंपनीची. आणि तिसरी आपल्या तारवट्यांनी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी, आणि आखातात गेलेल्यांनी सुटीवर येताना आणलेली सिको आणि सिटिझन. एकाच घरात आजोबांचं स्विस, बाबांचं एचएमटी आणि मामाचं सिको, असा संग्रह आयता पडलेला असतो आणि आपण मात्र ऑनलाइन शोधत बसतो.

एचएमटीबद्दल थोडं जास्त बोलणार, कारण माझं पहिलं घड्याळ तेच. दहावीचा निकाल लागल्यावर बाबांनी दिलेलं, जनता मॉडेल, पांढरी डायल. १९६१ साली बंगळुरात जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीची घड्याळं बनायला लागली, म्हणजे डिसेंबरात आपण मुक्त झालो तेच वर्ष. त्या काळात साध्या पगारदार माणसाला परवडेल असं चांगलं घड्याळ या देशात बनतंय ही फार मोठी गोष्ट होती, आणि अजूनही मला तिचं कौतुक वाटतं. पुढे काळ्या डायलचं पायलट, सोना, कोहिनूर, जावयाला द्यायला ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनेच चावी बसणारं, कांचन, कितीतरी मॉडेलं आली. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, तोवर बाजार कधीच बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांनी खाल्ला होता.

जनता रोज सकाळी चावी मागतं. चहा होईपर्यंत चावी द्यायची, हळूहळू आतली कमान घट्ट होत जाते, बोटांना कळतं आता पुरे, तिथे थांबायचं, जोर करायचा नाही. मग रेडिओवर बातम्यांच्या आधी वेळेचे पिप वाजायचे, शेवटच्या पिपला मिनिटाचा काटा बरोबर जागेवर आणायचा. घरोघरी हेच चालायचं. तुमच्याकडे जुनं एचएमटी चालू असेल तर कानाला लावून बघा, सेकंदाला पाच ठोके पडतात, तासाला १८,०००. बरीचशी सिको फाइव्ह सेकंदाला सहा देतात, हा फरक सवय झाली की कानालाही कळायला लागतो. क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, अचूकपणात ते कधीही वरचढ, त्याबद्दल वाद नाही. पण चावीच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडून तो बॅलन्स, म्हणजे ठोके देणारं चाक, पुढेमागे झुलताना, त्याच्याखाली केसासारखी बारीक बालकमान श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होताना एकदा बघितली की माणूस यात अडकतो, माझं तसंच झालं.

आता मामाचं सिको. ते कुवेतला होते, त्यांचं सिको फाइव्ह आता माझ्याकडे आहे. वार बदलत नेला की एकदा इंग्रजीत दिसतो, एकदा अरबीत, कारण ते आखाती बाजारासाठी बनलेलं. मागच्या झाकणावर दोन नंबर असतात ते बघा. एकातले पहिले चार आकडे म्हणजे आतलं मशीन, मामाच्या घड्याळात ७००९. दुसरा सिरियल नंबर, त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना, ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरला ओ, एन, डी अशी अक्षरं. मामाच्या घड्याळावर सुरुवातीला ५ आणि २ आहे. ७००९ मशीन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं, म्हणून हे १९७५ चं असणार नाही, १९८५ चा फेब्रुवारी. मामीला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, बरोबर, त्याच वर्षी गणपतीला आलेले. असा घरचा धागा लागला की ते घड्याळ विकावंसं वाटत नाही, आणि मला वाटतं छंद खरा तिथेच सुरू होतो, किंमतीत नाही.

बाहेरून घ्यायची वेळ येईलच, तेव्हा एक सांभाळा. ऑनलाइन झळझळीत निळ्या-हिरव्या-नारिंगी डायलची जुनी एचएमटी आणि सिको फाइव्ह स्वस्तात दिसतात, त्यातली पुष्कळशी नव्याने रंगवलेली असतात, आत दोन-तीन घड्याळांचे पार्ट जुळवलेले. भिंगातून अक्षरं बघा, जाडी-भरडी वाटतील, मिनिटांच्या रेघा आकड्यांसमोर येणार नाहीत. मला स्वतःला पिवळी पडलेली, डाग असलेली ओरिजिनल डायल शंभर पटीने जास्त आवडते.

आणि आपली हवा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घड्याळाचे हाल. चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, पावसात नायलॉनचा घाला. जुन्या घड्याळाच्या झाकणावर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं असलं तरी आतलं रबर कधीच मेलेलं असतं, त्यामुळे ते घालून समुद्रात काय, नळाखालीसुद्धा हात घालू नका. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी उघडून घ्या, बालकमानीला गंज लागला की संपलं. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं तर बहुतेक चुंबक लागलेलं असतं, मोबाईलचा स्पीकर किंवा पर्सचं बटण, बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात म्हणून ते पळतं, घड्याळजीकडच्या चुंबक उतरवायच्या मशीनवर धरलं की क्षणात ठीक होतं.

कपाटातलं सापडलं तर लगेच चावी देऊन चालवत बसू नका. आतलं तेल वाळलेलं असतं, चाकं सुकी घासतात. आधी क्लिनिंग-ऑइलिंग करून घ्या आणि मग चार-पाच वर्षांनी परत. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, जुन्या बाजारात अजून डोळ्याला भिंग लावून बसणारे घड्याळजी आहेत, त्यांना काम द्या, जुने पार्ट कुणाकडे मिळतील तेही त्यांनाच माहीत असतं. सकाळीच जा, दुपारी एक ते चार बंद सापडेल.

नमस्कार.