एकच तिकीट : सोलापूरचे लहान विमान आणि त्यापुढचा प्रवास

[दृश्य : चिमणी कोसळते. धुळीचा लोट.]

पडद्यावर कोसळताना दिसणारी ही चिमणी सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची आहे. तारीख 15 जून 2023. सुमारे 90 मीटर उंचीची ही चिमणी होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या हवाई मार्गात येत होती, आणि ती उभी आहे तोवर येथे प्रवासी विमानसेवा सुरू होणे शक्य नाही, असे प्रशासनाचे म्हणणे होते. लहान शहरांना परवडणाऱ्या दरात विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या सुरुवातीच्या काळातच सोलापूरचे नाव पुढे आले होते. परंतु चिमणीचा वाद न्यायालयात आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे चालला, त्यासाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली, आणि अखेर काही क्षणांत ती कलून खाली बसली. कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांना त्याची मोठी किंमत मोजावी लागली.

त्यानंतर 29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे या विमानतळाचे उद्घाटन केले. 9 जून 2025 रोजी फ्लाय91 या कंपनीची गोवा सेवा सुरू झाली आणि 15 ऑक्टोबर 2025 रोजी स्टार एअरने सोलापूर मुंबईशी जोडले.

[दृश्य : एटीआर विमान धावपट्टीवर. पंख्यांची फिरती पाती.]

या दोन्ही कंपन्या लहान आहेत, आणि त्यांना मोठ्या कंपन्यांशी एका तिकिटाने जोडण्याची गरज हाच या चित्रपटाचा विषय आहे. पडद्यावरील पंख्याचे विमान एटीआर 72 जातीचे असून ते फ्लाय91 चे आहे. गोव्यात मुख्यालय असलेल्या या कंपनीने मार्च 2024 मध्ये व्यावसायिक उड्डाणे सुरू केली. तिच्या उड्डाण क्रमांकांसाठी मिळालेली ‘आयसी’ ही दोन अक्षरे जुन्या प्रवाशांच्या ओळखीची आहेत, कारण एकेकाळी इंडियन एअरलाइन्सच्या प्रत्येक तिकिटावर तीच अक्षरे छापलेली असत. स्टार एअर ही कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाची कंपनी. तिची सेवा जानेवारी 2019 मध्ये बेंगळुरू आणि हुबळीच्या दरम्यान सुरू झाली, आणि आज तिच्या ताफ्यात 76 आसनांची एम्ब्रेअर 175 जातीची विमाने आहेत. मोठ्या कंपन्यांच्या 180 आणि त्याहून अधिक आसनांच्या विमानांना सोलापूरसारख्या शहरातून रोज पुरेसे प्रवासी मिळत नाहीत. म्हणून सोलापूर, नांदेड यांसारख्या शहरांचे आकाश अशा लहान कंपन्यांच्याच हाती असते.

[दृश्य : यंत्रमाग. जेकार्डच्या पट्ट्या वरखाली होतात. टॉवेलच्या घड्या.]

हे सोलापुरातील एक टॉवेल कारखानदार आहेत. दिल्लीच्या खरेदीदाराला नवे नमुने दाखवण्यासाठी ते आज निघाले आहेत. पूर्वी ते रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठत, आणि फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारतही त्यांच्या सोयीची झाली. तरीही मुंबईपर्यंतचे सुमारे 455 किलोमीटर अंतर कापण्यात रेल्वेने अर्धा दिवस किंवा एक रात्र जाते. आज ते विमानाने जात आहेत. त्यांच्या हातात दोन तिकिटे आहेत. पहिले सोलापूर ते मुंबईचे आहे आणि ते लहान कंपनीचे आहे. दुसरे मुंबई ते दिल्लीचे आहे आणि ते एका मोठ्या कंपनीचे आहे. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असल्यामुळे या दोन कंपन्यांना एकमेकींच्या या प्रवाशाची काहीही माहिती नाही.

[दृश्य : सामानाला लावलेली पट्टी, जवळून.]

नमुन्यांच्या पेटीला लावलेल्या या पट्टीवर मुंबईची खूण आहे, दिल्लीची नाही. म्हणजे मुंबईत उतरल्यावर पेटी स्वतः उचलायची, बाहेर पडायचे, पुन्हा दुसऱ्या कंपनीच्या रांगेत उभे राहायचे, पुन्हा वजन, पुन्हा सुरक्षा तपासणी. सोलापूरचे विमान धुक्यामुळे दोन तास उशिरा पोचले, तर दिल्लीचे तिकीट वाया गेले असे समजायचे. कारण ते विमान चुकणे हा दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवाशाचा दोष ठरतो.

यावर विमान व्यवसायाने जुना उपाय शोधलेला आहे. त्याची साधी पायरी इंटरलाइन करार ही होय. दोन कंपन्या एकमेकींची तिकिटे मान्य करतात, दोन्ही टप्प्यांचे एकच तिकीट निघते, सामानाला शेवटच्या मुक्कामाची पट्टी लागते आणि भाड्याची रक्कम ठरलेल्या प्रमाणात वाटून घेतली जाते. त्यापुढची पायरी कोडशेअरची. यात मोठी कंपनी लहान कंपनीच्या उड्डाणाला स्वतःचा क्रमांक देते आणि आपल्या नावाने ते विकते, त्यामुळे दिल्लीत किंवा परदेशात बसून कोणी ‘सोलापूर’ असे शोधले तर मोठ्या कंपनीच्या वेळापत्रकातच सोलापूर दिसू लागते. शेवटची पायरी आसनक्षमता खरेदीची. मोठी कंपनी लहान कंपनीच्या विमानांतील सर्व आसने घेते, भाडे आणि वेळापत्रक स्वतः ठरवते, आणि लहान कंपनीला उड्डाणाच्या तासांप्रमाणे व फेऱ्यांप्रमाणे ठरावीक मोबदला देते. विमान भरून जाईल की रिकामे, ही जोखीम मोठ्या कंपनीकडे राहते.

[दृश्य : कुर्डुवाडी स्थानक. पंढरपूरकडे जाणारा लोहमार्ग.]

सोलापूर जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. पडद्यावर आहे ते कुर्डुवाडी, ज्याला पूर्वी बार्शी रोड म्हणत. मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रुंदमापी मार्ग येथून सोलापूरकडे जात असे, परंतु बार्शीला मात्र तो शिवत नसे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभारली आणि 1897 मध्ये ती बार्शी रोड ते बार्शी धावू लागली. 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. मोठ्या गाडीतून उतरलेले वारकरी याच फलाटांवरून लहान गाडीत चढत आणि विठ्ठलाच्या दर्शनाला जात. बार्शी लाइट ही खासगी कंपनी होती, तिचे रूळ वेगळे, डबे वेगळे, मालक वेगळे. पण बार्शी रोडला मोठी गाडी थांबली नसती, तर एवढ्या लांबवर रूळ टाकण्याचा खर्च तिला परवडला नसता. आपल्या आजोबा-पणजोबांनी हा प्रवास केलेला आहे. 1 जानेवारी 1954 रोजी ही कंपनी सरकारने विकत घेतली आणि पुढे टप्प्याटप्प्याने तिचे रूळ रुंद झाले.

विमानांच्या बाबतीत असाच प्रयोग अमेरिकेत 1967 मध्ये झाला. ॲलेगेनी एअरलाइन्स या कंपनीला हॅगर्सटाउन या लहान गावी मोठे विमान नेणे परवडत नव्हते. तिने गाव सोडून दिले नाही. तो मार्ग हेन्सन या लहान स्थानिक कंपनीकडे सोपवला, तिच्या छोट्या विमानांना आपले रंग आणि ‘ॲलेगेनी कम्युटर’ हे नाव दिले, आणि तिकीट मात्र आपलेच ठेवले. पुढे 1978 मध्ये अमेरिकेत विमान व्यवसाय नियंत्रणमुक्त झाला आणि 1980 च्या दशकात जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने अशा जोड्या जमवल्या. युटा राज्यातील सेंट जॉर्ज या वाळवंटी शहरातून चालणारी स्कायवेस्ट ही कंपनी आज युनायटेड, डेल्टा, अमेरिकन आणि अलास्का या चार कंपन्यांसाठी विमाने उडवते. तेथील मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी आपल्या करारांत अशा भागीदार विमानांवर आसनांची मर्यादा घालून घेतली आहे, आणि ती मर्यादा साधारणपणे 76 आसनांची आहे. स्टार एअरच्या एम्ब्रेअर विमानात नेमकी तेवढीच आसने आहेत, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

या व्यवस्थेत दोषही आहेत. 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेतील बफेलो शहराजवळ कॉन्टिनेंटल कंपनीच्या नावाने विकले गेलेले, परंतु कोल्गन एअर या लहान कंपनीने चालवलेले विमान कोसळून 50 जणांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे तिकीट विकतानाच स्पष्ट सांगण्याचे बंधन तेथील कायद्याने घातले.

[दृश्य : जुने छायाचित्र. एअर इंडियाच्या रंगांतील लहान विमान.]

आपल्या देशातही अशी जोडी होती. 1996 मध्ये सुरू झालेली अलायन्स एअर ही आधी इंडियन एअरलाइन्सची आणि नंतर एअर इंडियाची उपकंपनी होती. तिची एटीआर विमाने लहान शहरांत जात आणि तिकिटावर एअर इंडियाचा क्रमांक असे. उडान योजनेतील 27 एप्रिल 2017 चे शिमला ते दिल्ली हे पहिले उड्डाण तिनेच केले. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, अलायन्स एअर सरकारकडेच राहिली, आणि 15 एप्रिल 2022 पासून दोघींचे आरक्षण वेगळे झाले. त्या एका दिवसात अनेक लहान शहरांचा मोठ्या वेळापत्रकाशी असलेला धागा तुटला.

सोलापूरच्या विमानाला आज सरकारी आधार आहे. मुंबई मार्गासाठी राज्य सरकारने व्यवहार्यता तूट निधी मंजूर केला, म्हणजे तिकिटाचा दर आवाक्यात ठेवल्याने कंपनीला येणारी तूट सरकार ठरावीक प्रमाणात भरून काढते. हा आधार आवश्यक आहे आणि तो मिळवण्यासाठी सोलापूरकरांनी केलेला पाठपुरावा मोलाचा आहे. परंतु अशा निधीला मुदत असते. त्या मुदतीत विमानातील आसने केवळ मुंबई किंवा गोव्यापर्यंत जाणाऱ्यांनी भरायची म्हटली, तर ते कठीण जाईल. दिल्ली, कोलकाता, दुबई येथे जाणारा कारखानदार, मंगळवेढ्याहून परदेशी शिकायला निघालेली मुलगी, अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूरच्या दर्शनासाठी दूरच्या राज्यांतून येणारे भाविक, हे सर्व त्याच 70-76 आसनांत आले पाहिजेत, आणि ते येतील ते एका तिकिटावर. किंगफिशरची विमाने एकेकाळी मुंबईहून याच धावपट्टीवर येत असत. ती थांबल्यानंतर किती वर्षे गेली, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून करार आत्ता व्हायला हवेत, निधीची मुदत शिल्लक असताना. लहान कंपन्यांनी मोठ्यांकडे मागणी करावी, आणि अनुदान देणाऱ्या सरकारने इंटरलाइनची अट घालून ती मागणी बळकट करावी. त्यात सोलापूरच्या व्यापारी संघटनांनीही आपली गरज आकड्यांसह मांडली पाहिजे : महिन्याला किती माणसे मुंबईच्या पुढे जातात, कोठे जातात, कोणत्या वेळी जातात. मोठ्या कंपनीचा वेळापत्रक ठरवणारा अधिकारी पहिल्यांदा हेच विचारतो.

[दृश्य : मुंबई विमानतळ. सामानाचा फिरता पट्टा.]

मुंबई. सोलापूरचे विमान आज वेळेवर पोचले आहे. टॉवेलच्या नमुन्यांची पेटी पट्ट्यावरून येते, कारखानदार ती उचलतात, गाडीवर ठेवतात आणि बाहेरच्या दाराकडे वळतात. दिल्लीच्या विमानाची रांग पुन्हा पहिल्यापासून धरायची आहे.