नानांच्या ओळखी आणि हिमोग्लोबिन

नमस्कार, श्रोतेहो. आज प्रथिनांविषयी बोलायचंय. वरणातली, दुधातली प्रथिनं तुम्हाला ठाऊक आहेतच, आपण त्यांच्या आत शिरू. पण आधी बडोद्याच्या दांडिया बाजारातली एक गोष्ट.

आमच्या वाड्यात नाना होते. ओळखी इतक्या, की चौकापर्यंत जाईतो पन्नास नमस्कार. आणि मागच्या खोलीत ताईआत्या. तिच्या ओळखी मोजक्या: मांडवीजवळची फूलवाली, फतेपुऱ्यातली शिंपीण, पाणीगेटकडचे गुरुजी. एका श्रावणात आत्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि इकडे सत्यनारायण ठरला. घरोघरी फोन नव्हते. गुरुजींना निरोप धाडायचं नानांनी अंगावर घेतलं. दहा जणांना सांगितलं, दहाही दांडिया बाजारातले! त्यांनी एकमेकांना सांगितलं. चौरंग मांडला, केळीचे खांब बांधले, शिरा झाला. गुरुजी आपल्या ओसरीवर निवांत. (शिरा सव्वाच्या मापाचा, केळं घातलेला. हल्ली त्यात टूटीफ्रूटी घालतात, त्याला प्रसाद म्हणायला माझी तयारी नाही.) शेवटी नानांनीच पोथी उघडली. चौथ्या अध्यायात साधुवाण्याची नौका बुडते. तिथवर येईतो नानांचा आवाजही बुडाला होता. आत्या परतल्यावर एवढंच म्हणाली, “अरे, फूलवालीला सांगायचं होतंस. ती रोज त्यांच्याकडे हार देते.”

आता प्रथिन. अमिनो आम्लं म्हणजे छोटे रेणू, मण्यांसारखे एकापुढे एक जोडलेले. त्यांची साखळी घड्या पडून गोळा झाली, की झालं प्रथिन. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्यात अशी 574 आम्लं, चार साखळ्यांत. संशोधक प्रत्येक आम्लाला एक बिंदू मानतात. दोन बिंदू सात-आठ अँगस्ट्रॉमच्या आत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही जवळ असले, की मध्ये रेघ. झालं जाळं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सरस्वती विश्वेश्वरा यांनी अशा जाळ्यांवर वर्षानुवर्षं मोलाचं काम केलं.

जाळ्याला दोन प्रश्न विचारायचे. कुणाच्या रेघा जास्त? आणि इकडून तिकडे जाणाऱ्या जवळच्या वाटा कुणावरून जातात? पुन्हा सांगते: रेघा किती, हे एक, वाटा कुणावरून, हे दुसरं. पहिल्याचं उत्तर नाना, दुसऱ्याचं ताईआत्या. 2002 साली एका शोधनिबंधात दिसलं, की प्रथिनाची घडी बसताना कळीची ठरणारी आम्लं या दुसऱ्या प्रश्नातून सापडतात.

सगळंच सापडतं असं नाही हं. गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीतलं सहावं आम्ल बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. हे आम्ल अगदी पृष्ठभागावर, साखळीच्या टोकाशी, म्हणजे जाळ्यात ना नाना, ना ताईआत्या. पण ऑक्सिजन सोडल्यावर तिथूनच एक हिमोग्लोबिन दुसऱ्याला चिकटतं, त्यांचे लांब तंतू बनतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. एकाच रेणूचं जाळं काढून बसलात, तर ही रेघ दिसणारच नाही. ती दोन रेणूंच्या मध्ये आहे.