कुंपणाबाहेरनं गोल्फ

मागं ऐकू येतंय न्हवं? बरं.

गोल्फ क्लबच्या इतिहासावर बोलणार म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न, तुम्ही कधी काठी धरलाय काय? नाही धरली. आपल्या बेळगावात गोल्फ कोर्स बाहेरनंच बघायचा असतो. अपवाद एकच, बिबट्या. २०२२ च्या ऑगस्टात जाधवनगरात एका कामगाराला जखमी केलं आणि मग गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला, आजूबाजूच्या २२ शाळा बंद, सक्रेबैलच्या हत्तीछावणीतनं दोन हत्ती आणले, तरी गडी काही सापडला नाही. मेंबर न होता आत राहिला म्हणून आमच्या कट्ट्यावर त्याला फार मान.

आता इतिहास. १८१८ ला इंग्रजांच्या मन्रोनं आपला किल्ला घेतला, मग छावणी आली, आणि साहेब आला की मागनं क्लब येतोच. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना, बेंगळूरचा १८७६ चा. खेळ मात्र सुरवातीला महागडा, कारण चेंडू. चामड्याच्या पिशवीत टोपीभर पिसं उकडून कोंबायची, कारागिराचे दिवसाला तीन-चार झाले तर झाले, त्यात भिजला की फुटला. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा चेंडू आला आणि भाव उतरला. क्लबच्या भिंतीवर अध्यक्षांचे फोटो असतात बगा, या झाडाचा एक लावायला काय हरकत होती?

कंट्री क्लब हे नाव अमेरिकेतलं. बॉस्टनजवळ ब्रुकलाइनला १८८२ मध्ये निघाला तो घोड्यांसाठी, रेसा, रपेट, जेवणावळी. गोल्फ आलं १८९३ ला, ते पण सहाच होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे. आपल्याकडं पण त्या भागाला लोक रेसकोर्सच म्हणतात की अजून.

या ब्रुकलाइनसमोर, नुसता रस्ता ओलांडला की, फ्रान्सिस विमेट नावाच्या पोराचं घर. साहेबांच्या काठ्या वाहायच्या, हरवलेले चेंडू गोळा करायचे, असा कॅडी. १९१३ ला अमेरिकन ओपन ही गोल्फची स्पर्धा तिथंच भरली, हा तेव्हा २० वर्षांचा, समोर हॅरी वार्डन आणि टेड रे, इंग्लंडचे दोन पैलवान म्हणा. तिघं बरोबरीत सुटले, दुसऱ्या दिवशी पावसात परत अठरा होल. गोल्फात ज्याचे फटके कमी तो जिंकला. विमेट ७२, वार्डन ७७, रे ७८! आणि विमेटच्या काठ्या कुणी धरल्या होत्या? शाळा बुडवून आलेल्या दहा वर्षांच्या एडी लोवरीनं. (शिक्षकमंडळी, हसू नका.)

पुढचं ऐका. विमेटनं खेळाच्या सामानाचं दुकान काढलं, तर १९१६ ला अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं त्याला हौशी खेळाडूंतनंच काढून टाकलं, गोल्फवर पैसे मिळवतोस म्हणून. काठ्या वाहून चार पैसे मिळवणाऱ्याला हे सांगालेत! १९१८ ला परत घेतलं, आणि १९५१ मध्ये स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबनं, म्हणजे या खेळाच्या पंढरीनंच, त्याला कॅप्टन केलं, पहिला अमेरिकन.

हां, विचारा. काय? बिबट्याचं पुढं काय झालं?