प्लॅस्टरमधील उदबत्ती

श्रोते हो, नमस्कार. शेवाळलेल्या अंगणात पाय घसरण्याचे दिवस आले आहेत, म्हणून आज प्लॅस्टरविषयी बोलतो. प्लॅस्टर घालताना ते गरम लागते आणि काही मिनिटांत टणक होते. परंतु आतपर्यंत वाळायला २ ते ३ दिवस लागतात. तोवर ते उशीवर ठेवावे आणि उचलताना तळहातांनी धरावे, कारण बोटांनी पडलेले खळगे आतून कातडीला टोचत राहतात. प्लॅस्टरमधला हात किंवा पाय छातीपेक्षा उंच ठेवावा आणि बोटे हलवत राहावी. पुन्हा सांगतो, बोटे हलवत राहावी.

आता एका आजोबांची हकिकत सांगतो. नडगीचे हाड मोडल्यामुळे त्यांना मांडीपर्यंत प्लॅस्टर होते. तिसऱ्या आठवड्यात घरात कुजका वास येऊ लागला. कपाटामागे उंदीर मेला असावा, असे सूनबाईंना वाटले. मुलाने कपाट सरकवले, माळ्यावरचे डबे उतरवले, फरशी दोनदा फिनेलने पुसली, आणि या सगळ्या काळात आजोबा खाटेवरून "कोठीच्या खोलीतही बघा रे" अशा सूचना देत होते. शेवटी खाटेच्या कडेला अभ्यासाला बसलेली नात म्हणाली, "आजोबा, वास तुमच्या पायालाच येतोय." आम्ही प्लॅस्टर उभे कापले, तेव्हा पोटरीच्या कातडीत रुतलेली उदबत्तीची बोटभर काडी निघाली आणि भोवती पू झालेला दिसला. आजोबांनी काडी निरखून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "ही आमच्या घरची नव्हे, आम्ही धूप लावतो." त्यावर नातीने उशीखालचा उदबत्तीचा पुडा आमच्यासमोर ठेवला. पुढे प्रतिजैविके, रोजचे ड्रेसिंग आणि नवे प्लॅस्टर, एवढे सगळे त्या खाजेपायी करावे लागले.

म्हणून प्लॅस्टरमध्ये काडी, पट्टी, विणकामाची सुई, पावडर, काहीही घालू नये. खाज सुटल्यास वरून टिचक्या माराव्यात किंवा ड्रायरची थंड हवा द्यावी. फायबरग्लासचे कवच पाण्याने मऊ पडत नसले, तरी आतला कापूस ओलाच राहतो, त्यामुळे तेही कोरडे ठेवावे. भेटायला येणाऱ्यांनी हाडवैद्याचे पत्ते मात्र चपलांबरोबर दाराबाहेरच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूज वाढली तरी प्लॅस्टर ताणले जात नाही. आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत कायमची हानी होऊ शकते. बोटे निळी, थंड वा बधिर पडली, बोट सरळ करताना असह्य कळ आली किंवा गोळ्या घेऊनही दुखणे वाढतच गेले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. त्याच रात्री, सकाळी नव्हे.

प्लॅस्टर काढताना करवतीच्या आवाजाने मुले रडतात. तिचे पाते गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते, त्यामुळे सहसा कातडी कापली जात नाही. पाते तापते मात्र, म्हणून चटका जाणवताच डॉक्टरांना थांबवावे.