समोशाचं उघडं तोंड

नमस्कार मंडळी, साताऱ्यातून बोलतोय. आजचा विषय गणिताचा आहे, पण रेडिओ लगेच बंद करू नका, मला समोशाबद्दल बोलायचंय.

समोसा हातात घ्या. कोपरे ४, कडा ६, बाजू ४. सारण काढून नुसती पारी ठेवली तर टोपोलॉजीवाल्यांच्या, म्हणजे ताणून-दाबून न बदलणारे गुण बघणाऱ्या गणितवाल्यांच्या, लेखी तो पोकळ चेंडूच, टोकं-बिकं त्यांना दिसतच नाहीत, सगळं रबरासारखं ताणायचं. सारणासकट असला तर मात्र दाबत दाबत पार ठिपका होतो. आता आकार असा धरून दाखवण्यापेक्षा त्याची यादीच केली तर? ठिपके, रेघा, त्रिकोण, भरीव समोसे, मग त्यांचे चौथ्या-पाचव्या मितीतले भाऊबंद, आणि कोण कुणाला कुठं चिकटलंय ते. झाला सिम्प्लिशियल सेट. आयलेनबर्ग आणि झिल्बर या गणितज्ञांनी १९५० मध्ये मांडलेला. वर्तुळाला तर १ ठिपका न् १ रेघ पुरते (रेघ दाबून ठिपका, त्रिकोण दाबून रेघ झालेले चपटे भिडूही यादीत असतात, ते मी मोजत नाहीये), रेघेची दोन्ही टोकं त्याच ठिपक्यावर.

पण यादी खऱ्या जागेसारखी, म्हणजे रबरी आकारासारखी, वागायला हवी तर एक अट लागते, गणितज्ञ डॅनियल कान यांची. त्यासाठी एस्टी स्टँडवर चला. सातारा ते वाई, वाई ते महाबळेश्वर अशा दोन रेघा असतील तर सातारा-महाबळेश्वर तिसरीही पाहिजे आणि मधला त्रिकोण भरलेला पाहिजे. त्या दोन रेघांच्या उघड्या आकाराला हॉर्न म्हणतात, ट्रकचा नाही हो, शिंगासारखा! एक मिती वर चढलं की हॉर्न म्हणजे सारण भरायच्या आधीचा समोशाचा कोन, तीन बाजू आहेत, तोंड उघडं. असं कुठलंही तोंड सारण भरून बंद करता आलंच पाहिजे, एवढीच अट. आणि मला यात सगळ्यात आवडतं ते म्हणजे भरायची रीत एकच असली पाहिजे असा हट्ट नाही, तिसरी रेघ मेढ्यावरून न्या नाहीतर पाचगणीवरून, मधे भोक नसलं म्हणजे झालं. क्विलेन यांनी १९६७ मध्ये दाखवलं की ताणणं-दाबणं माफ असेल तर जागा काय न् अशी यादी काय, हिशेब तोच.

आता सगळीकडे एकेरी वाहतूक केली तर? साताऱ्याहून वाईला रस्ता आहे, महाबळेश्वरलाही आहे, पण म्हणून वाईहून महाबळेश्वरला जाता येईलच असं नाही, कारण वाईहून मागं साताऱ्याला फिरायची सोय नाही. मग असल्या हॉर्नची अट सोडायची आणि एकापुढं एक जोडता येतात तेवढेच भरायचे. ही कल्पना बोर्डमन आणि फोख्ट यांची, १९७३ ची, पुढं जोयाल आणि लुरी यांनी तिच्यावर अख्खी इन्फिनिटी-कॅटेगरी थिअरी, म्हणजे अशा एकेरी वाटांच्या यादीचं शास्त्र, उभी केली. आपली साधी जागा म्हणजे त्यातली सगळे रस्ते दुहेरी असलेली केस.

पुढच्या वेळी मेदूवडा आणतो, त्याला भोक असतं.